भिंतीवरच्या वाकळा

जळकोट,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. हणमंतास,
तुझ्या आक्काचे आशीर्वाद. तनुजालाही.

घरोघरी फोन असताना ही बाई कागद का लिहायली, असं वाटलं असेल तुला. आपलं फोनवरचं बोलणं खुशालीनं सुरू होतं अन् भांडणानं संपतं. तू म्हणतोस आक्का चिडती, मी म्हणते तू मधीच बोलणं तोडतोस. कागदाला मधी तोडता येत न्हाई, म्हणून लिहायला बसले. आमच्या गल्लीतला हरिओम दुकानाचा माल भरायला दर आठवड्याला नांदेडला येतो, त्याच्याजवळ देऊन राहिले. सोबत मूग हायेत अन् नवे तीळ. तीळ निवडलेले न्हाईत, तनुजाला सांग.

दिवाळीला तुझ्याकडं राहून आले. घर झकास बांधलास, त्यात खोट काढायची न्हाई. हॉल केवढा मोठा, अन् फरशी अशी की वाकून केस विंचरावेत. पण हणमंता, आई मला बरी दिसली न्हाई. काय बी विचारलं की 'हाव'. जेवलीस का, हाव. गुडघा दुखतो का, हाव. येतीस का माझ्यासंग जळकोटला, हाव. मग मी तिची पिशवी भरायला घेतली तर माझ्याकडं बघतच राहिली, ही पिशवी कशाला म्हणून. कंधारच्या घरात ही बाई चुलीपुढं बसून गल्लीतल्या प्रत्येक घराची खबर सांगायची. बाबा गेले, ते घर बंद केलं, आई तुझ्याकडं आली, अन् बोलणंच गेलं तिचं.

आपल्या आजीचं आठवतंय न्हवं? आधी बोलणं गेलं, मग माणसं ओळखेना. शेवटी मला 'कोणाची गं तू' विचारायची. मी तेव्हा लहान होते तरी ते विसरले न्हाई. आईनं मला तसं विचारलं तर मी कुठं जाऊ?

अन् तू संध्याकाळ झाली की तुझे ते दोन डबे लावून बसतोस. गाणं कोणतं तेबी कळत न्हाई, नुसता घर घुमल्याचा आवाज. आई उठून बाहेर ओट्यावर जाते, ते दिसतं का तुला? तुझ्या दाजींनी आमच्याकडं एक खोली काढली, आईसाठीच. तुझ्यासारखीच फरशी, काचेची खिडकी, सगळं नवं. संक्रांतीला येते तिला न्यायला. चार दिवसांसाठी न्हाई, कायमची. आतापासून सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी तोंड पाडून बसू नको.

तुझी,
आक्का

---

नांदेड,
१ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
हणमंतचा नमस्कार. दाजींनाही सांग.

मूग पोचले, तीळ पोचले, अन् शिव्याही पोचल्या.

तुला वाटतं तेवढा मी बेफिकीर नाही. आईला कानाच्या दवाखान्यात नेलं होतं. कान कमी झालेत म्हणाले अन् मशीन दिलं. ते मशीन ती ओट्यावर बसली की घालते. हॉलमध्ये आली की काढून कमरेच्या पिशवीत टाकते. कितीदा सांगितलं, आई, घरातच तर घालायचं असतं. ती म्हणते, हाव. दिवसभर ओट्यावर बसती, भाजीवाल्याशी बोलती, समोरच्या म्हातारीशी बोलती. आत आली की गप्प. आमच्याशी बोलायचंच नाही असं तिनं ठरवलंय का, हे मला कळत नाही. कंधारच्या घराची आठवण येत असेल. का तनुजाचं काही लागलं? तनुजा तर रोज रडकुंडीला येती. म्हणती, मी काय चुकले ते तरी सांगा. आजीचं मलाही आठवतं, आक्का. म्हणून तर फोनवर तू तो विषय काढलास की मी तोडतो.

आता माझ्या डब्यांचं. ते डबे नाहीत, स्पीकर आहेत. रेल्वे ऑफिसात जन्मभर फायलींचा धुरळा खाल्ला अन् मनात एकच हौस ठेवली, की रिटायर झाल्यावर चांगल्या स्टिरिओवर जुनी गाणी ऐकायची. दुकानात ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. घरी लावलं तर बसस्टँडवर गाडी लागल्याची सूचना देतात तसा आवाज. गाण्याचं मशीन बदलून आणलं, वायरी बदलल्या, काही फरक नाही.

शेवटी अमरनाथला बोलावलं. हा लग्नाच्या मांडवात अन् हॉलमध्ये साउंड लावतो. माझ्या मशीनकडं त्यानं बघितलंही नाही. हॉलच्या मधोमध उभा राहिला अन् एक टाळी वाजवली. टाळी कितीतरी वेळ घुमत राहिली. म्हणाला, "साहेब, मशीन बेस्ट आहे. तुमची खोलीच मधी मधी बोलायली." फरशी, काच, गुळगुळीत भिंती, सगळ्यांवर आवाज आपटतो अन् परत येतो. पुढचा सूर निघायच्या आत मागचा त्याच्या अंगावर येऊन पडतो. आवाज पिऊन टाकणारं काहीतरी भिंतीला लावा म्हणतो. तसले तयार फलकही मिळतात, पण तो म्हणाला गावाकडं कापूस आहे, वाकळा आहेत, तर ते कशाला घेता.

तेव्हा आक्का, हसू नको. कंधारचं घर बंद केलं तेव्हा आईच्या वाकळांची पेटी तुझ्याकडं गेली, त्यातल्या जाड वाकळा पाठव. सरकी काढलेली रुई पाठव, जितकी निघेल तितकी. अन् दाजींना म्हणावं तुरकाठ्यांच्या दोन कणग्या विणून द्या, उंच, शेणानं न लिंपलेल्या. कोपऱ्यात ठेवायच्या आहेत.

संक्रांतीचं आपण नंतर बोलू. आई माझ्याजवळ राहावी एवढंच मला वाटतं.

तुझा,
हणमंत

---

जळकोट,
१२ डिसेंबर २०२४

चि. हणमंतास,
आशीर्वाद.

तुझा कागद मी दाजींना वाचून दाखवला. ते हसून हसून खाटंवर आडवे झाले. म्हणतात, "नांदेडला दाणा पिकत न्हाई अन् मेव्हण्याला कणग्या पाहिजेत दोन." पण तुरीची रास चालू असताना सुद्धा माणूस दोन संध्याकाळ अंगणात बसून विणत राहिला. तुझ्यावर जीव हाय त्यांचा, माझ्यापेक्षा जास्त. कणग्या हरिओमच्या टेम्पोत टाकल्यात, रुईबी. रुई नीट झाकून ठेव, उडती.

वाकळांचं मात्र मला जड गेलं. वाकळ माणसाच्या अंगावर असती बाबा, भिंतीच्या न्हाई. भिंतीला काय थंडी वाजती? पेटी उघडली अन् मी तिथंच बसले. आईचं हिरवं इरकल, आजीचं लुगडं, बाबांची धोतरं, सगळं त्यात हाय. वरची मोठी, निळ्या काठाची, ती बाबांची. ती मी देणारच न्हवते. मग म्हणलं, आईच्या डोळ्यापुढं राहील, जाऊ दे. आईची रीत तुला ठावं हाय का? उशाकडच्या कोपऱ्यात चार दाणे जोंधळ्याचे घालून शिवायची. रिकाम्या उशानं झोपू नये म्हणायची. बोटानं चाचपलं की लागतात. उंदरापासून जप.

चार वाकळा देऊन राहिले. पण हे समजून घे की माझा हट्ट मोडला असं न्हाई. तू डबे दुरुस्त कर, मी आईला दुरुस्त करते. संक्रांतीपर्यंत आई माझ्याशी धड दोन शब्द बोलली न्हाई तर मी तिला घेऊन जाणार, अन् तू आडवा यायचं न्हाई. तोंडानं कबूल करत न्हाईस, तर कागदावर कर.

तनुजाला म्हणावं रडू नको. तिचं काही चुकलं न्हाई, हे मला ठावं हाय.

आक्का

---

नांदेड,
२९ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
नमस्कार.

सामान पोचलं. कणग्या बघायला गल्ली गोळा झाली. स्पीकरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत त्या उभ्या केल्या अन् गळ्यापर्यंत रुईनं भरल्या. ढोलाचा घुमारा कोपऱ्यात जाऊन साचतो म्हणे, तो त्या गिळतात. लाकडी चौकटीत रुई भरून वर मांजरपाटाचं कापड ठोकलं, ते छताला अन् मागच्या भिंतीला. वाकळा कुठं टांगायच्या त्याची अमरनाथची युक्ती ऐक. मला माझ्या खुर्चीत बसवलं. तनुजाला तिचा आरसा घेऊन भिंतीला लागून सरकत जायला सांगितलं. आरशात जिथं मला स्पीकर दिसला तिथं खडूची खूण. आवाज तिथूनच आपटून माझ्याकडं येतो. तनुजा म्हणती, लग्नाला इतकी वर्षं झाली पण माझ्या आरशात तुम्ही इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

खुणेवर बांबू लावले, भिंतीपासून चार बोटं सोडून वाकळा टांगल्या. इथपर्यंत हसतखेळत चाललं होतं.

आई ओट्यावरून आत आली. बाबांची वाकळ दिसली तशी थांबली. मी म्हणलो, आई, तुझ्याच वाकळा आहेत, बघ. ती सरळ गेली, बांबूवरून बाबांची वाकळ ओढून काढली, घडी घातली अन् छातीशी धरून आपल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. रात्री जेवलीही नाही.

आक्का, तू बरोबर होतीस. वाकळ भिंतीची नसते. बाबांच्या अंगावरची वस्तू मी गाण्याच्या हौसेपायी बांबूला टांगली अन् आईला लागलं ते. तेव्हापासून स्पीकर लावलेच नाहीत. लावावेसे वाटत नाहीत. चार दिवस झाले, ती ओट्यावर अन् मी इथं, मधी वाकळांच्या भिंती.

तू कागदावर कबूल कर म्हणाली होतीस, तर करतो. संक्रांतीला ये अन् आईला घेऊन जा. तुझ्याकडं नवी खोली आहे, शेत आहे, तू आहेस. कदाचित तिथं बोलेल. मला फार वाईट वाटतंय, पण तिला इथं गप्प बसलेलं बघवत नाही.

तुझा,
हणमंत

---

नांदेड,
५ जानेवारी २०२५

सौ. सत्यशीला वन्संना,
तनुजाचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. ह्यांनी मागच्या पत्रात काय लिहिलं ते मला आता कळलं. म्हणून हरिओमला थांबवून घाईत लिहिते आहे. अक्षराला हसू नका.

काल दुपारी लाईट गेली होती. हे बाहेर गेलेले. मी हॉलमध्ये खाली बसून तुम्ही पाठवलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. एकटीच असले की पुटपुटायची सवय आहे मला. म्हणाले, "बाई बाई, अर्ध्या शेंगा किडक्याच निघाल्या." तेवढ्यात आई ओट्यावरून आत आल्या. दोन्ही हातांत ऊन दाखवून आणलेली ती बाबांची वाकळ. माझ्याकडं पाठ करून बांबूकडं गेल्या, अन् पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जळकोटच्या शेंगा हायेत. सत्यशीला फवारणी करू देत न्हाई नवऱ्याला. किडक्या निघणारच."

माझ्या हातातली पाटी उलटली. वन्सं, मी मोठ्यानं बोलले नव्हते. त्यांचं तोंड माझ्याकडं नव्हतं. मी तसंच बसल्या जागेवरून, हळूच, म्हणाले, "आई, चहा ठेवू का?" तर म्हणाल्या, "ठेव, पण परवासारखा पाण्यासारखा नको." नंतर त्याच थबकल्या. कानाला हात लावून बघितला. मशीन कानातच राहिलं होतं, ओट्यावरून येताना काढायचं विसरल्या होत्या. वळून माझ्याकडं बघितलं अन् म्हणाल्या, "तनुजा, अजून काहीतरी बोल."

मी शेंगा मोजल्यासारखं काहीबाही बोलत राहिले अन् रडत राहिले. त्या एकेक शब्द मला परत म्हणून दाखवत होत्या.

वाकळेचं ऐका. त्या रागावल्या होत्या ते टांगल्याबद्दल नाही. ह्यांनी वाकळ उलटी टांगली होती. जोंधळ्याच्या दाण्याची उशाकडची बाजू खाली अन् पायाकडची वर. आई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याचं डोकं खाली अन् पाय वर केले माझ्या लेकानं. मी काय बोलणार?" आम्ही दोघींनी मिळून ती सुलटी टांगली. उशा वर, दाणे वर.

हे घरी आले तर आईंनीच दारात ऐकवलं, "उशाची बाजू कळत न्हाई अन् रिटायर झाला." हे चपला न काढता तिथंच बसले. मग टाळी वाजवली एक. टाळी वाजली अन् तिथंच विरली. म्हणाले, "तनुजा, आईला आवाज ऐकू येत होता गं, शब्द सुटे होत नव्हते. माझ्या गाण्याचं जे होत होतं तेच तिचं. ओट्यावर भिंतीच नाहीत, म्हणून ती तिथं बसायची." अन् मग लेकरासारखे रडले.

संध्याकाळी लाईट आली तेव्हा हळू आवाजात गाणं लावलं. आई मधल्या खुर्चीत. डोळे मिटून म्हणाल्या, "पेटी डाव्या हाताला. तबला त्या दाराकडं. अन् बाई मधी उभी राहून गायली." तशीच होती वन्सं. मला आजवर कधी दिसली नव्हती ती बाई.

तुम्ही यायचं ते याच. पण आईंना विचारल्याशिवाय नेऊ नका. आता त्या 'हाव' म्हणत नाहीत, विचारलेल्याचं उत्तर देतात.

तुमची,
तनुजा

---

जळकोट,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. तनुजास,
आशीर्वाद.

तुझा कागद मी शेतात उभ्या उभ्या वाचला. खरं सांगू, विश्वास बसत न्हाई. एखादा दिवस माणूस बरं असतं. आजीबी मधीच एका दिवशी सगळ्यांना नावानं हाका मारायची अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हणमंताला बरं वाटावं म्हणून तू वाढवून लिहिलंस असंबी मनात आलं, माफ कर.

फोन लावणार होते. मग वाटलं, फोनवर तिनं 'हाव' म्हणलं तर? न्हाई लावला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येते. खोली धुऊन ठेवलीय, खाट टाकलीय. माझ्या डोळ्यानं बघीन अन् मग ठरवीन. अन् शेंगांना नावं ठेवायची न्हाईत, पुढच्या वेळी निवडून घे.

आक्का

---

नांदेड,
२२ जानेवारी २०२५

सांगणार केवळाबाई, लिहिणार तनुजा.

सत्यशीला,
तुला आईचा आशीर्वाद. मी सांगते अन् तनुजा लिहिते. मधी तिच्या मनाचं काही घालू नको म्हणून बजावलं हाय.

मागच्या आठवड्यात तू आलीस. दारात उभी राहून तनुजाच्या कानाला लागलीस, "खरंच ऐकू येतं का गं आईला?" मी खाटंवरून म्हणले, "तिळगूळ आणलीस का ते सांग आधी." तू तिथंच पिशवी टाकून रडलीस. मी म्हणले रड, फरशी तनुजाला पुसायचीच हाय.

दिवसभर बोललो. तुझ्या लग्नातलं बोललो, बाबांचं बोललो. संध्याकाळी गाडीच्या वेळेला तू माझी पिशवी भरली न्हाईस. नुसतं विचारलीस, "आई, येतीस का?" मी तवा गप बसले. तुला वाटलं असंल, झालं, परत गप झाली. तसं न्हाई. तुझं मला नीट ऐकू आलं. उत्तर जड होतं म्हणून बोलले न्हाई. ते आता सांगते.

या घरात आले तवा तुमचे आवाज यायचे, पण एकात एक गुंतलेले. भांडी पडल्यावानी. मशीन घातलं की अजून वाढायचं. मला वाटायचं तुम्ही माझ्यापासून लपवून हळू बोलताव. मग वाटायला लागलं, माझं डोकं चाललं. सासूबाईचं झालं तसं. कुणाला सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता, अन् मलाबी ते खरं धरावं लागलं असतं. म्हणून हाव म्हणत गेले. हाव म्हणलं की माणूस दुसऱ्यांदा विचारत न्हाई. सासूबाईबी लई हाव म्हणायच्या. कोण जाणे, त्यांचेबी कानच गेले असतील.

कंधारच्या घराला मातीच्या भिंती होत्या, वर माळवद, कोपऱ्यात कणग्या, भिंतीला वाकळांची चवड. तिथं कुजबुज बी ऐकू यायची. मला वाटायचं माझे कान चांगले होते. आता कळलं, ते घर चांगलं होतं.

हणमंता रोज संध्याकाळी गाणं लावतो अन् मला विचारतो, सारंगी कुठं बसली. मी सांगते. त्याला ते कळतंच, पण मला विचारायची हौस. बाबांची वाकळ उजव्या हाताला असती. गाणं संपलं की मी उठून दाणे चाचपून बघते.

तर आता तुझं. तू माझ्यासाठी खोली काढलीस, तुझ्या नवऱ्यानं विटा वाहिल्या, ते मला ठावं हाय. पण लेकी, फरशी अन् काचेची खिडकी म्हणलीस तवाच मला इथला आवाजांचा गुंता आठवला. तिथं येऊन मी पुन्हा हाव म्हणायला लागले तर तू काय समजशील? म्हणून गप बसले.

दोन वाकळा पेटीत उरल्यात, त्या टांग. उशाची बाजू वर. जावईबापूंना म्हणावं अजून दोन कणग्या विणा, हसत हसत विणा. हणमंता अन् तो अमरनाथ येऊन जागा दाखवतील, तुझा आरसा तयार ठेव. मग खोलीत मधी उभी राहून एक टाळी वाजव. घुमली न्हाई तर कळव, मी चैत्रात येते. पाडवा तुझ्याकडं. नंतर आखाडात परत इथं. कायमचं कुठंच न्हाई. दोन्ही घरं माझीच हायेत, अन् आता दोन्हीकडं ऐकू येईल.

तनुजा म्हणते, वन्संना अजून काही सांगायचं का. एवढंच सांगायचं की तू अन् हणमंता फोनवर भांडू नका, कागदावरबी नको. मी येईन तवा त्यालाबी संग आणते. खोलीत बसून, माझ्यापुढं भांडा. लई दिवस झाले, तुमचं भांडण मला नीट ऐकू आलं न्हाई.

आई